व्यावसायिक महिला आइस हॉकीपटू व्हायचंय? पहिल्या स्केटपासून शेवटच्या करारापर्यंत

आठ संघ आणि प्रत्येक संघात २३ खेळाडू, म्हणजे १८४ जागा. उत्तर अमेरिकेतल्या प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीगमध्ये, सगळे जिला पीडब्ल्यूएचएल म्हणतात तिथे, २०२५-२६च्या हंगामात मुख्य यादीतल्या जागा एवढ्याच होत्या. जगभरातल्या उत्तमातल्या उत्तम खेळाडूंची नजर याच जागांवर असते. हा आकडा घाबरवण्यासाठी सांगत नाही. ज्या मुलीला या वाटेने जायचंय तिने आणि तिच्या आईवडिलांनी तो पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावा, म्हणजे पुढचे निर्णय शांत डोक्याने घेता येतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. या पेशात पैसा उशिरा येतो, खेळ लवकर संपतो आणि कधीकधी अख्खी लीगच बंद पडते. कॅनेडियन विमेन्स हॉकी लीग २००७ साली सुरू झाली आणि २०१९ साली बंद झाली. २०१५ साली सुरू झालेल्या नॅशनल विमेन्स हॉकी लीगने खेळाडूंना पगार दिला, पण दुसऱ्याच हंगामात त्यात मोठी कपात केली. पुढे तिचं नाव बदललं आणि २०२३च्या जूनअखेर तीही गेली. ज्यांच्या हातात पुढच्या हंगामाचे करार होते त्यांचे करार एका रात्रीत रद्द झाले. म्हणून प्रत्येक पायरीवर दोन हिशेब करायचे. याने माझा खेळ सुधारेल का, हा पहिला. आणि उद्या हॉकी थांबली तर मी कशाच्या आधारावर उभी राहीन, हा दुसरा.

पहिली पायरी: स्केटिंग, आणि पुन्हा स्केटिंग

नव्या मुलींना स्टिक आणि पकची, म्हणजे रबराच्या चपट्या चकतीची, ओढ असते, ते साहजिक आहे. पण वरच्या पातळीवर घोडं अडतं ते पायांशी. स्केटचं पातं खालून सपाट नसतं. त्याला मधोमध खोलगट चर असतो आणि चराच्या दोन बाजूंना दोन कडा, एक आतली आणि एक बाहेरची. बहुतेक मुली आतल्या कडेवर विसंबून राहतात आणि एकाच बाजूला सफाईने वळतात. प्रशिक्षकाला हे दोन मिनिटांत दिसतं. म्हणून सराव नेहमी कच्च्या बाजूने सुरू करा: नको वाटणाऱ्या दिशेचे क्रॉसओव्हर (वळताना एका पायावरून दुसरा पाय टाकणं), दोन्ही बाजूंना थांबणं, मागे स्केटिंग करता करता वेग न गमावता पुढे वळणं, एका पायावर बाहेरच्या कडेने लांब वळण घेणं. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

उंची कमी आहे म्हणून खचून जाणाऱ्या मुलींना मी अमेरिकेच्या केंडल कॉइन स्कोफील्डचं उदाहरण देते. उंची पाच फूट दोन इंच. २०१९ साली सॅन होजेला एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगच्या, ऑल-स्टार कौशल्य स्पर्धेत तिने पुरुषांबरोबर भाग घेतला आणि रिंकची, म्हणजे बर्फाच्या मैदानाची, एक फेरी १४.३४६ सेकंदांत पूर्ण केली. त्या दिवशी जिंकलेल्या कॉनर मॅकडेव्हिडपेक्षा ती एका सेकंदाहूनही कमी अंतराने मागे होती. तो वेग कडांवरच्या हुकमतीतून आला होता.

साहित्यावर पैसे कसे खर्च करायचे, याबद्दल माझं मत पक्कं आहे: आधी स्केट आणि हेल्मेट, मग बाकीचं. स्केट नेहमीच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान लागतो. उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच टेकावीत, गुडघे वाकवल्यावर मागे सरकावीत आणि टाच अजिबात उचलली जाऊ नये. ‘पाय वाढतोय, मोठाच घेऊ’ असं करू नका. सैल स्केटमध्ये घोटा डगमगतो आणि चुकीची सवय लागते, ती मोडायला वर्षं जातात. चराची खोली आकड्यात मोजतात. अर्ध्या इंचाच्या त्रिज्येची धार बरीच प्रचलित आहे. धार लावताना दरवेळी तोच आकडा सांगा, आणि बदल करायचाच तर एका वेळी एकच टप्पा. बर्फावरून उतरलात की पातं लगेच कोरडं पुसा.

स्टिक स्केट घालून उभं राहिल्यावर हनुवटीच्या आसपास पोचावी. तिचा कडकपणा, म्हणजे फ्लेक्स, ढोबळमानाने पौंडांतल्या वजनाच्या निम्मा ठेवतात. मोठ्या भावाची कडक स्टिक मुलीच्या हातात दिली की ती वाकत नाही, पक उडत नाही आणि दोष मात्र तिच्या मनगटांवर येतो. असं अनेक ठिकाणी होतं आणि ते पाहून मला दर वेळी वाईट वाटतं.

तेरा-चौदा वर्षांपर्यंत दुसरे खेळही खेळू द्या. बारा महिने फक्त हॉकी खेळलेल्या मुली सोळाव्या वर्षी कंबर आणि मांडीच्या सांध्याच्या दुखण्यांनी बेजार होतात.

दुसरी पायरी: मुलींचा संघ की मुलांचा?

आज व्यावसायिक पातळीवर खेळणाऱ्या कितीतरी जणी लहानपणी मुलांच्या संघात खेळल्या. तिथे वेग शिकायला मिळतो. मुलींच्या संघात पक जास्त वेळ स्टिकवर राहतो, पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा संघ एकने कमी असताना, उतरायला मिळतं, कर्णधारपद वाट्याला येतं. दोन्हींत फायदा आहे. मी एकच कसोटी लावते: सामन्यात मुलीला खरोखर खेळायला मिळतंय का? चौथ्या फळीत, म्हणजे आळीपाळीने उतरणाऱ्या गटांपैकी शेवटच्या गटात, बसून शिकलेला वेग फार उपयोगी पडत नाही.

मुलांच्या संघांत किशोरवयात बॉडी चेकिंग, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणं, सुरू होतं, तेव्हा अनेक मुली बाजू बदलतात. इथे एक गफलत होते. आंतरराष्ट्रीय महिला हॉकीत पुरुषांसारखं बॉडी चेकिंग चालत नाही. १९९० साली ओटावात झालेल्या पहिल्या महिला विश्वविजेतेपद स्पर्धेत ते चालत होतं, नंतर काढून टाकलं. त्यामुळे मुली ते शिकतच नाहीत. पण स्वीडनच्या लीगने २०२२-२३पासून त्याला परवानगी दिली, आणि पीडब्ल्यूएचएलमध्येही पक मिळवण्याच्या हेतूने अंगाने धडक देता येते. विद्यापीठातून थेट तिथे आलेल्या मुलींना पहिले काही आठवडे हाच धक्का बसतो, शब्दशः. म्हणून नियम काहीही असोत, प्रतिस्पर्ध्याला कोन साधून कडेला दाबणं, बोर्डजवळ, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीजवळ, जाण्याआधी खांद्यावरून मागे पाहणं, मान वर ठेवणं आणि धडक अंगावर घेऊनही पायांवर उभं राहणं, हे पंधराव्या वर्षापासून शिका.

जागा निवडताना, म्हणजे फॉरवर्ड, डिफेन्स की गोलकीपर हे ठरवताना, घाई करू नका. गोलकीपर होऊ पाहणाऱ्या मुलींनी मात्र एवढं ध्यानात घ्यावं की एका संघात साधारण तिघी असतात आणि खेळते एकच. ती वाट सगळ्यांत अरुंद आहे.

तिसरी पायरी: विद्यापीठ, हाच खरा पहिला करार

या पायरीवर मी जास्त थांबणार आहे, कारण करिअर इथे ठरतं. महिला हॉकीत व्यावसायिक लीगची भरती मुख्यतः अमेरिकेतल्या एनसीएएच्या, म्हणजे विद्यापीठीय क्रीडा संघटनेच्या, पहिल्या विभागातून होते. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, ओहायो स्टेट, क्लार्कसन ही नावं वारंवार ऐकू येतील. तिथे रिंक, वैद्यकीय पथक, ताकदीचा व्यायाम आणि चार वर्षं दर्जेदार सामने मिळतात. शिष्यवृत्ती मिळाली तर पदवीही फुकट किंवा स्वस्तात पदरात पडते. आयव्ही लीगमधली, म्हणजे हार्वर्डसारखी जुनी नामांकित, विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, फक्त कुटुंबाच्या उत्पन्नावर आधारित मदत देतात. तिसऱ्या विभागातही खेळाची शिष्यवृत्ती नसते. कॅनडात यू स्पोर्ट्स या क्रीडा संघटनेची विद्यापीठं आहेत, तिथे पाच वर्षं खेळता येतं.

पहिल्या विभागात खेळायला नेमून दिलेले १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ची सरासरी लागते. हा हिशेब नववीपासून सुरू होतो. दुसऱ्या देशातून येणाऱ्या मुलीच्या गुणपत्रिका तपासून घ्यायला वेळ लागतो, तेव्हा एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी लवकर करा. आणि युरोपात आधी पगार घेऊन खेळण्याचा विचार असेल तर सही करण्यापूर्वी त्याचा पात्रतेवर काय परिणाम होईल ते लेखी विचारून घ्या.

प्रशिक्षकांना दहावीचं वर्ष संपल्यावर १५ जूनपासून मुलींशी थेट बोलता येतं. त्याआधी तुम्ही मेल पाठवू शकता, पण ते त्यावर मनमोकळं उत्तर देऊ शकत नाहीत. उत्तर आलं नाही म्हणून कितीतरी मुली नकार समजून रडतात. तो नकार नसतो. मेल पाठवत राहा. त्यात शाळा संपण्याचं वर्ष, खेळायची जागा, डाव्या हाताची की उजव्या, गुण आणि पुढच्या दोन महिन्यांतल्या सामन्यांचं वेळापत्रक एवढं असू द्या.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा पुरे. प्रत्येक प्रसंग सुरू होण्याआधी स्वतःभोवती वर्तुळ काढा, नाहीतर बघणाऱ्याला दहा मुलींत तुम्ही सापडत नाही. फक्त गोल जोडू नका. पक गमावल्यावर तुम्ही किती जोरात मागे धावता, पक नसताना कुठे उभ्या राहता, हे दाखवा. प्रशिक्षक तेच शोधत असतात. शेवटी एका पूर्ण सामन्याचं चित्रण जोडा, आणि तो सामना हरलेला असला तरी चालेल.

भेट झाली की प्रश्न तुम्हीही विचारायचे. त्या वर्षी माझ्या जागेवरच्या किती जणी पदवी घेऊन बाहेर पडतायत? मला दुखापत झाली तर शिष्यवृत्तीचं काय? मला हवा तो अभ्यासक्रम सरावाच्या वेळेत बसतो का? ‘आमच्याकडे सगळे सोपा विषय घेतात’ असं उत्तर आलं, तर माझ्या मते तो संघ कितीही मोठा असो, पुन्हा विचार करा.

चौथी पायरी: ड्राफ्ट, आणि ड्राफ्टच्या बाहेरची वाट

ड्राफ्टमध्ये संघ आळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात. पीडब्ल्यूएचएलचा २०२५चा ड्राफ्ट सहा फेऱ्यांचा होता आणि त्यात ४८ नावं पुकारली गेली. पहिलं नाव क्रिस्तिना काल्तोउन्कोवा हिचं होतं. मूळची चेक प्रजासत्ताकाची, कोलगेट विद्यापीठात खेळलेली, आणि पहिल्या क्रमांकावर निवडली गेलेली पहिली युरोपीय खेळाडू. अमेरिका आणि कॅनडा या हॉकीच्या दोन बलाढ्य देशांबाहेर जन्मलेल्या मुलींसाठी ही मोठी बातमी होती.

नाव आलं नाही तरी वाट संपत नाही. सराव शिबिराचं आमंत्रण मिळू शकतं आणि राखीव खेळाडू म्हणून राहता येतं. कुणी जायबंदी झाली की दहा दिवसांच्या करारावर बोलावणं येतं. अशा मुलींना माझा सल्ला: पेनल्टी किलिंगमध्ये, म्हणजे आपला संघ एकने कमी असताना बचाव करण्यात, तरबेज व्हा. या लीगमध्ये एक खास नियम आहे. कमी खेळाडू असताना तुम्ही गोल केलात, तर नियम मोडल्याबद्दल किरकोळ पेनल्टीत बसलेली तुमची सहकारी लगेच बाहेर येते. त्यामुळे शॉट अडवणारी, पकवर तुटून पडणारी मुलगी तिसऱ्या-चौथ्या फळीतही प्रशिक्षकाला हवीच असते. गोल करणाऱ्या तर सगळ्याच असतात.

दुसरी वाट युरोपची. स्वीडनच्या लीगमध्ये लुलेओ आणि फ्रोलुंडासारखे संघ आहेत, फिनलंड आणि स्वित्झर्लंडमध्येही चांगल्या लीग आहेत. हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो. बाहेरून आलेल्या खेळाडूला पगार थोडा आणि राहायला खोली, असा सौदा बऱ्याचदा असतो. पैसे साठत नाहीत, पण खेळायला भरपूर मिळतं. विद्यापीठानंतर एक-दोन वर्षं तिथे घालवणं हा मला बाकावर बसण्यापेक्षा केव्हाही चांगला निर्णय वाटतो.

पाचवी पायरी: करार वाचायला शिका

पीडब्ल्यूएचएलमध्ये खेळाडू संघटना आणि लीग यांच्यात सामूहिक करार आहे, तो २०३१च्या जुलैअखेरपर्यंत चालेल. ही लीग सुरू होण्याआधी २०१९ साली दोनशेहून अधिक खेळाडूंनी उत्तर अमेरिकेतल्या कोणत्याही लीगमध्ये न खेळण्याचा निर्णय घेतला होता. त्यांनी चार वर्षं प्रदर्शनी सामने खेळत कळ काढली म्हणून आज नव्या मुलीच्या हातात छापील नियम आहेत. ते न वाचता सही करणं म्हणजे त्यांच्या कष्टांवर पाणी टाकणं.

पहिल्या हंगामात किमान पगार ३५ हजार अमेरिकी डॉलर होता. दरवर्षी तीन टक्के वाढ धरून २०२५-२६मध्ये तो ३७ हजारांच्या थोडा वर गेला. प्रत्येक संघाने किमान सहा जणींना ८० हजार किंवा त्याहून जास्त द्यायचे आणि किमान पगारावर नऊपेक्षा जास्त जणी ठेवायच्या नाहीत, असं ठरलं आहे. हंगामात घरभाड्यासाठी महिन्याला दीड हजार डॉलर मिळतात, आरोग्य विमाही असतो.

आता वजाबाकी करा. कर जातो, एजंटचा वाटा जातो, उन्हाळ्यात सरावासाठी बर्फ आणि ट्रेनर स्वतःच्या खिशातून घ्यावे लागतात, आणि हे सगळं मोठ्या, महागड्या शहरांत राहून. म्हणूनच अनेक जणी उन्हाळ्यात लहान मुलींची शिबिरं घेतात किंवा अर्धवेळ नोकरी करतात. त्यात कमीपणा काहीच नाही.

करारात चार गोष्टी आधी शोधा: किती वर्षांचा आहे, दुखापतीत पगार चालू राहतो का, संघातून काढलं तर किती मिळतं, आणि बाळंतपणात काय हक्क आहेत. शेवटचा मुद्दा अवघड वाटून कुणी विचारत नाही. तो जरूर विचारा. कॅनडाच्या नॅटली स्पूनरने २०२२च्या डिसेंबरमध्ये मुलाला जन्म दिला आणि २०२४च्या पहिल्या हंगामात २४ सामन्यांत २० गोल करून लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

संघ आणि शहर आपल्या हातात राहील असंही धरून चालू नका. २०२५मध्ये व्हँकुव्हर आणि सिएटल हे दोन नवे संघ आले तेव्हा जुन्या संघांना सुरुवातीला फक्त तीन-तीन खेळाडू राखून ठेवता आल्या. हिलरी नाइटसारखी दिग्गज बॉस्टनच्या राखीव यादीत नव्हती आणि ती सिएटलला गेली. म्हणून घराचा भाडेकरार हंगामापुरता करा आणि सामान दोन बॅगांत मावेल इतकंच ठेवा.

सहावी पायरी: हंगाम आणि शरीर

२०२५-२६च्या नियमित हंगामात ३० सामने होते. बर्फावरची एक पाळी साधारण ४५ सेकंदांची. मग बाकावर श्वास घ्यायचा आणि पुन्हा जीव तोडून धावायचं. प्रवास, चित्रफीत-बैठका, व्यायाम यांत आठवडा कधी गेला ते कळत नाही.

दोन दुखापतींबद्दल कठोर राहा. पहिली डोक्याची. बॉडी चेकिंगला मनाई असलेल्या विद्यापीठीय हॉकीतही कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा बसणं, नेहमीचं आहे. डोकं गरगरलं, प्रकाश सहन होईना, उगाच चिडचिड होऊ लागली, तर त्याच क्षणी सांगा. एक-दोन दिवस विश्रांती, मग पायरीपायरीने व्यायाम, प्रत्येक पायरीला किमान २४ तास, आणि लक्षणं बळावली तर एक पायरी मागे. दुसरी दुखापत गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधाची, जी स्त्री खेळाडूंत जास्त आढळते. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत परतण्याची घाई करू नका. स्पूनरचा गुडघा २०२४च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, दुखावला आणि ती पुढच्या वर्षी फेब्रुवारीत परतली.

आणि जी गोष्ट मुली कुणालाच सांगत नाहीत ती: पाळी बंद झाली किंवा फार अनियमित झाली, तर ती कष्टाची खूण समजू नका. खाणं कमी पडतंय, शरीर उपाशी आहे, असा त्याचा अर्थ बऱ्याचदा असतो. हाडं ठिसूळ होतात, दुखापती वाढतात. संघाच्या डॉक्टरांना सांगा, रक्तातलं लोह तपासून घ्या. गळ्याचं संरक्षकही न विसरता घाला. २०२३ साली इंग्लंडमध्ये अॅडम जॉन्सन या खेळाडूचा स्केटच्या पात्याने गळा कापला जाऊन मृत्यू झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या स्पर्धांत ते सक्तीचं केलं.

सातवी पायरी: देशाचा संघ

हे कुणी शिकवून येत नाही, बोलावणं येतं. १९९८च्या नागानो ऑलिम्पिकपासून महिला हॉकी तिथे आहे. ऑलिम्पिकच्या आधी काही देश खेळाडूंना महिनोन्‌महिने एकत्र ठेवतात, तेव्हा क्लबच्या करारात सुटीची तरतूद आहे का ते पाहा. देशासाठी खेळतानाही मोबदला मागायला लाजू नका. २०१७ साली अमेरिकेच्या मुलींनी योग्य मानधन मिळेपर्यंत घरच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत उतरणार नाही असं सांगितलं. स्पर्धेच्या अगदी तोंडावर करार झाला, आणि त्यांनी सुवर्णपदक जिंकलं.

आठवी पायरी: स्केट काढून ठेवण्याची तयारी

ही तयारी शेवटच्या वर्षी होत नसते. कॅनडाची हेली विकेनहायझर चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवून २०१७ साली निवृत्त झाली आणि पुढे डॉक्टर झाली. अमेरिकेची कॅमी ग्रॅनाटो आधी एनएचएलमध्ये स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी, आणि मग व्हँकुव्हरच्या एनएचएल संघात सहायक महाव्यवस्थापक झाली. जेसिका कॅम्पबेल कॅनडा आणि स्वीडनमध्ये खेळली, मग स्केटिंग शिकवू लागली, आणि २०२४ साली सिएटल क्रॅकन संघाच्या बाकामागे उभी राहून एनएचएलमधली पहिली पूर्णवेळ महिला सहायक प्रशिक्षक झाली. ज्या कडांपासून आपण पहिल्या पायरीवर सुरुवात केली, त्याच तिने शिकवल्या.

शेवटच्या कराराचं वर्ष लागलं की काही कामं वेळेत उरका. सगळे वैद्यकीय कागद आणि एमआरआयच्या प्रती संघाकडून मागून घ्या, कारण संघ सोडल्यावर त्या मिळवताना दमछाक होते. विमा कोणत्या तारखेला संपतो ते विचारा आणि गुडघ्या-खांद्याची राहिलेली तपासणी त्याआधी करून घ्या. प्रशिक्षकाचं पहिलं प्रमाणपत्र खेळत असतानाच काढा. आपल्या सामन्यांची चित्रणं स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या. आणि शेवटच्या सरावानंतर मुलींच्या एखाद्या स्थानिक संघाला विचारा की स्केट कुणाला हवेत का. चांगले स्केट पुढच्या मुलीच्या पायातही काही वर्षं टिकतात.